सचोटी ओळखावी कशी?

सचोटी म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. विचार, वाणी आणि वर्तन एक असणे, आणि नुकसान होत असले तरी एकच राहणे, याला आम्ही सचोटी म्हणतो.

पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव शिंद्यांच्या छावणीबरोबर लष्करात आलेल्या आपल्या घराण्यांना नवीन नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्ता रघुनाथरावांच्या हाती आली. शास्त्रीबुवांनी त्यांनाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पद सोडले व पुण्याबाहेर पडले.

त्याआधीची एक गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थोरले माधवराव जपतपात गुंतून राज्याकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा याच शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर बजावले. पेशव्यांनी राग न धरता ते मानले. सचोटी ओळखली ती माधवरावांनी.

दुसऱ्याची सचोटी आपल्या सोयीची असते तोवर सर्वांनाच आवडते. ती आपल्या आड येते तेव्हा आपली परीक्षा असते. चुकून जास्त मिळालेले दोन गुण मुलाने स्वतःहून कमी करून घेतले, तर पालकांनी त्याला वेड्यात काढू नये. मित्राने उत्तर दाखवायला नकार दिला, तर विद्यार्थ्यांनी अबोला धरू नये. शिक्षकाने शिफारस नाकारली, तर आम्ही व विश्वस्तांनीही त्याचा मानच राखावा.