थर्मामीटर बसतो कुठे?

महाडच्या औद्योगिक वसाहतीत घर उबदार कसं ठेवायचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. सावित्रीच्या खोऱ्यात मार्च लागला की पंख्याखालीही घामाच्या धारा लागतात. शेकोटीची आठवण यायची तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच गाठावं लागतं. तरीही कुठेतरी दडवलेला सेन्सर आणि त्याच्या भरवशावर सांभाळलेली उष्णता हा प्रकार इथे रोजचा आहे. फक्त खोलीच्या जागी रसायनाचा रिॲक्टर असतो.

या तंत्राचा एक धागा मात्र कारखान्यातून नाही, शाळेतून येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक शिकवत. थंडीच्या दिवसांत शिपाई वारंवार वर्गात येई, थर्मामीटर पाही आणि तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमीजास्त करी. शिकवण्यात येणारा हा अडथळा जॉन्सन यांना खपेना. १८८३ मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. वर्गातली ऊब कमीजास्त झाली की तळघरात घंटा वाजायची, शिपायाला वर यावं लागायचं नाही. दोन वर्षांनी मिलवॉकीत कंपनी उभी राहिली आणि १८९५ पर्यंत जॉन्सन यांनी दाबाच्या हवेवर चालणारी, प्रत्येक खोलीची ऊब वेगळी राखणारी व्यवस्थाही पेटंट करून घेतली.

म्हणजे ‘प्रत्येक खोलीला तिचं तापमान’ ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी. घरांत मात्र ती फार उशिरा आली. हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये बाजारात आला आणि घरोघरी पोचला, पण तोही घराला एकच, बहुधा खालच्या मजल्यावरच्या बोळात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांना याचा अनुभव आहे. बोळ उबदार झाला की भट्टी बंद होते आणि वर निजलेली मुलं कुडकुडतात. टोरांटोच्याच इकोबी कंपनीने २०१४ मध्ये खोल्यांत ठेवायचे छोटे बिनतारी सेन्सर थर्मोस्टॅटला जोडले, २०१८ मध्ये नेस्टनेही तेच केलं. मग लोकांना ते दिसायला नकोसे झाले. कुणी पुस्तकांमागे सरकवले, कुणी स्विचच्या डब्यात बसवले. डब्यात बसलेला सेन्सर खोलीची हवा मोजत नाही, भिंतीच्या पोकळीतली मोजतो. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर लावा, असं बसवणारे सांगतात ते याचसाठी.

महाडच्या वसाहतीत हाच प्रश्न जिवावरचा होतो. रिॲक्टरच्या जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, वाफ, हॉट ऑइल किंवा थंड ब्राइन (मिठाचं पाणी) फिरवतात. आतल्या मालाचं तापमान सांगणारी आरटीडी थर्मोवेलमध्ये, म्हणजे बंद नळीच्या पोटात, लपवलेली असते. प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५. मोजणी अचूक, पण आम्लापासून वाचवणारी नळी जाड असेल तर आतली गरमी तारेपर्यंत पोचायला वेळ लागतो. पॅनेलवर दिसणारा आकडा तेवढा मागे राहतो. ऑपरेटर तोच लॉगशीटवर उतरवतो. शिवाय तो मोजतो एकाच जागेचं तापमान. ढवळणं चालू असेपर्यंत सगळा माल सारखा तापतो. ढवळणं थांबलं की वर एक तापमान, खाली दुसरं.

इटलीत सेवेसोजवळच्या रसायनांच्या कारखान्यात १० जुलै १९७६ रोजी हेच घडलं. शनिवार असल्याने काम अर्धवट सोडून ढवळणं थांबवलं होतं. माल १५८ अंशांच्या आसपास होता. पण वाफ नेहमीपेक्षा फार तापलेली आल्यामुळे मालाच्या पातळीच्या वरची रिॲक्टरची भिंत ३०० अंशांकडे गेली होती. तिच्या धगीने मालाचा वरचा पातळ थर तापत गेला आणि काही तासांनी विषारी डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. वरचा थर तापतोय हे वेळीच कुणाच्या लक्षात आलं नाही. महाडमध्ये नव्या रिॲक्टरचा आराखडा पाहताना सेन्सर किती, यापेक्षा ते कोणत्या उंचीवर, हे आधी विचारायला हवं.

जागेचा हा घोळ उघड्या हवेतही होतो. रायगडमधल्याच भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली आणि मार्चमध्ये कोकणात एवढं तापमान कसं, अशा शंकाही निघाल्या. महाबळेश्वरला हिवाळ्यात उलटा प्रकार. वेण्णा लेकवर गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, आणि गावातली वेधशाळा त्याच सकाळी बरेच अंश जास्त दाखवते. दोन्ही खरं असतं. थंड हवा खोलगट भागात साचते, उंचावर साचत नाही. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनच्या वडिलांनी झडपांची पांढरी पेटी बनवली ती थर्मामीटरवर थेट ऊन पडू नये म्हणून. नागपूरला ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा मात्र जागेचा दोष नव्हता. सेन्सरच बिघडला होता, असं हवामान खात्याने सांगितलं.

वसाहतीतल्या बंगल्यांत आणि दुकानांत आता एसी आलेत. जुन्या विंडो एसीला आकड्यांचा नॉब असे. आत तांब्याची केसासारखी नळी आणि तिच्या टोकाचा बल्ब कूलिंग कॉइलसमोर अडकवलेला. नॉबवरच्या आकड्याचा अंशांशी काही संबंध नव्हता. स्प्लिट एसीत ते काम जाळीमागच्या इवल्याशा थर्मिस्टरकडे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे, गेलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला नवा एसी सुरू करताच २४ अंशांवर असतो. पण तो थर्मिस्टर सात-आठ फुटांवर, छताजवळच्या गरम हवेत असतो, त्यामुळे खाली गादीवर गारठा आणि रिमोटवर मात्र २४, अशी तक्रार येते.

म्हणून पुढच्या वेळी एसी फार गार करतो किंवा करतच नाही, असं वाटलं तर गॅस भरून घेण्याआधी साधा थर्मामीटर गादीच्या उंचीवर तासभर ठेवा. रिमोटमध्येच सेन्सर असण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि रिमोट उशाशी ठेवा. तरीही फरक राहिला तर मगच मेकॅनिकला बोलवा.