परवानगी कोणाची? इन्स्टॉलर, ब्राउझर आणि महाविद्यालयीन संगणक कक्ष

प्रस्तावना

वसई-विरार परिसरातील एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग अगदी साधा आहे. एका विद्यार्थिनीस प्रकल्प अहवाल पीडीएफ स्वरूपात हवा होता. त्यासाठी तिने इंटरनेटवरून एक मोफत आज्ञावली उतरवून घेतली. संगणकाने पासवर्ड मागितला, तेव्हा कक्ष सहायकाने तो टंकित केला. अहवाल तयार झाला. मात्र त्यानंतर त्या संगणकावर ब्राउझर उघडला की एक अपरिचित शोधपृष्ठ समोर येऊ लागले. विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की तिने फक्त पीडीएफ मागितले होते. सहायकाचे म्हणणे असे, की त्याने केवळ मदत केली. संगणक ज्याच्या मालकीचा, त्या महाविद्यालयास कोणी काही विचारलेच नव्हते. मग ब्राउझरमधील बदलास परवानगी दिली कोणी, हा या लेखाचा विषय आहे.

यंत्राची परवानगी

विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली वापरकर्त्याचे खाते ओळखते. त्या खात्यातून चालणाऱ्या आज्ञावलीचा हेतू तिला ओळखता येत नाही. वापरकर्त्याच्या नावाने सुरू झालेल्या आज्ञावलीस सामान्यतः त्या वापरकर्त्याचे सर्व अधिकार मिळतात. इंटरनेट एक्सप्लोररचे मुखपृष्ठ विंडोजच्या रजिस्ट्रीत वापरकर्त्याच्या विभागात नोंदलेले असे, तर फायरफॉक्सच्या पसंती वापरकर्त्याच्याच फोल्डरमधील एका फाइलमध्ये असतात. त्यामुळे त्या बदलण्यास विशेष अधिकाराची गरज पडत नसे. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आलेली खिडकी 'या आज्ञावलीस बदल करू द्यावे काय?' असे विचारू लागली खरी, परंतु कोणते बदल, हे ती सांगत नाही. नळ दुरुस्त करण्यासाठी घरात घेतलेल्या माणसाने जाता जाता देव्हाऱ्याची जागा बदलावी, तसा हा प्रकार आहे. दार आपणच उघडले होते, हे नाकारता येत नाही.

संगणक कक्षात ही गुंतागुंत वाढते. विद्यार्थी मर्यादित खात्यात असताना सहायक आपल्या खात्याचा पासवर्ड देतो, तेव्हा इन्स्टॉलर सहायकाच्या नावाने चालतो. इन्स्टॉलरने 'चालू वापरकर्त्याचे' मुखपृष्ठ बदलले, तर बदल सहायकाच्या खात्यात होतो आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यास काहीच दिसत नाही. त्याने तोच बदल संपूर्ण यंत्रासाठी केला, तर तो प्रत्येक विद्यार्थ्यास लागू होतो आणि कोणालाही आपल्या खात्यातून तो मागे घेता येत नाही. अशा वेळी क्रोम तर 'आपली संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' असे सांगतो, आणि संस्थेस त्याचा पत्ताही नसतो! लिनक्सवर रूट अधिकाराने चालविलेली आज्ञावली वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइल्स ठेवून जाऊ शकते. मग ब्राउझरला स्वतःच्याच पसंती जतन करता येत नाहीत.

या प्रश्नाचे बोधप्रद उदाहरण २००९ सालचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणाबरोबर फायरफॉक्समध्ये एक जोडणी न विचारता बसविली गेली. ती यंत्राच्या पातळीवर बसविलेली असल्याने ती काढून टाकण्याचे बटण वापरकर्त्यास निष्क्रिय दिसे. पुढे ते सक्रिय करणारी सुधारणा आली. ऑक्टोबरमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव मोझिलाने ही जोडणी काही काळ रोखली. नोव्हेंबर २०११ मधील फायरफॉक्स ८ पासून, इतर आज्ञावलींनी बसविलेल्या जोडण्या वापरकर्त्याने होकार देईपर्यंत बंद राहू लागल्या. २०१३ साली क्रोम २५ ने विंडोजवर तसेच केले. म्हणजे कार्यप्रणालीने जे विचारले नाही, ते ब्राउझरला विचारावे लागले.

खूण कोणी केली?

न विचारणाऱ्या इन्स्टॉलरपेक्षा विचारल्यासारखे करणारा इन्स्टॉलर अधिक अवघड असतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस जावा अपरिहार्य होती. ओरॅकलच्या जावा इन्स्टॉलरमध्ये दीर्घकाळ आस्क टूलबारचा चौकोन आधीच खूण करून येत असे. हा टूलबार सुमारे दहा मिनिटे थांबून मग बसतो, असे २०१३ साली निदर्शनास आले. तत्काळ तपासणी करणाऱ्या सहायकास काय आढळणार? आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट ४९ प्रकरणात दिला. मात्र तो कुकीजसंबंधी होता.

कायद्याची परवानगी

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ येथे महत्त्वाचे ठरते. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात दूषक आज्ञावली शिरविणे किंवा हानी करणे नुकसानभरपाईस पात्र आहे. 'हानी'च्या व्याख्येत माहितीत बदल करणे व तिची फेरमांडणी करणे यांचाही समावेश होतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातात; राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवाकडे हे काम असते.

येथे 'मालक किंवा प्रभारी' हे शब्द बारकाईने वाचले पाहिजेत. 'नेक्स्ट' हे बटण दाबणारी विद्यार्थिनी या दोहोंपैकी कोणीच नाही. तिच्या होकाराने महाविद्यालयाची परवानगी मिळाली, असे म्हणणे कठीण आहे. परंतु पासवर्ड देणाऱ्या सहायकाविषयी तसे म्हणता येणार नाही. त्या क्षणी तोच प्रभारी होता, असा युक्तिवाद होऊ शकतो. एका कामासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या कामास लागू पडते काय, हे मात्र कलम स्पष्ट करीत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो, पण तो वैयक्तिक माहितीपुरता आहे. ब्राउझरचे मुखपृष्ठ त्यात सहजी बसत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा रचना नमूद आहेत. त्यांचा रोख मुख्यतः ऑनलाइन व्यापारावर आहे.

म्हणून तूर्त प्रश्न कक्षाच्या व्यवस्थेतच सोडवावा लागतो. विद्यार्थ्यांची खाती मर्यादित ठेवणे पुरेसे नाही; विद्यार्थ्याच्या सत्रात पासवर्ड देण्याची प्रथाच थांबवावी लागेल. क्रोम व फायरफॉक्स या दोहोंत मुखपृष्ठ आणि शोधयंत्र संस्थेच्या धोरणाने कुलूपबंद करता येते. फायरफॉक्समध्ये २०१८ पासून एका साध्या मजकुराच्या फाइलने हे साधते. त्यास खर्च नाही. वर उल्लेखिलेल्या कक्षात आता एक नोंदवही आहे. कोणती आज्ञावली, कोणाच्या मागणीवरून, कोणाच्या खात्यातून बसविली, हे तीत लिहिले जाते. 'आणखी काय बदलले?' हा रकाना बहुधा रिकामा असतो, कारण तो भरण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा संगणक उघडून पाहावा लागतो.