ट्रंपेटवाला चिक चॉकलेट

‘अलबेला’ हा बोलपट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्याहि कानांवरून त्यांतील गाणीं गेल्याखेरीज राहिलीं नसतील. १९५१ सालीं निघालेल्या या बोलपटाचे दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव. संगीतदिग्दर्शक पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. हीं दोन्ही नांवें आपणांस पाठ आहेत. परंतु त्याच बोलपटांतील एका नाचाच्या प्रसंगीं पडद्यावर एक वाद्यवृंद दिसतो, आणि त्यांत ट्रंपेट ओठांस लावून उभा असलेला एक गृहस्थ दिसतो. हा कोण, असें विचारलें तर बहुतेक जण निरुत्तर होतील. त्या गृहस्थाची, आणि त्याच्या निमित्तानें त्यानें आपल्या कानांना लावलेल्या एका संगीताची, आज आपण ओळख करून घेऊं.

त्याचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालीं, गोव्यांतील बारदेश तालुक्यांत, हळदोणें गांवीं. पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या बहुतेक ख्रिस्ती गांवांत चर्चला जोडलेली एक शाळा असे. तेथें मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचावयास शिकवीत, आणि पुष्कळांच्या हातीं व्हायोलिनहि देत. हेतु इतकाच कीं, देवळांतील गायन नीट व्हावें. परंतु शेतीवर पोट भरेना आणि नोकऱ्या तर मुळींच नव्हत्या. तेव्हां लेखी संगीत वाचण्याची ही विद्याच गोवेकर तरुणांची शिदोरी ठरली. ती घेऊन ते मुंबईस आले, कलकत्त्यास गेले, रंगूनपर्यंत पोंचले. पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची चित्रगृहें आणि मोठालीं हॉटेलें यांत वाजविणारे हात फार मोठ्या प्रमाणांत गोव्याचेच होते. आंतोनियो वाझहि याच वाटेनें मुंबईस आला आणि ‘चिक चॉकलेट’ या गमतीदार नांवानें प्रसिद्धीस चढला.

तो वाजवी तें संगीत म्हणजे जॅझ. हा शब्द ऐकतांच आपल्याकडील जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढें नुसता धांगडधिंगा उभा राहतो. पण ती समजूत खरी नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नांवाचें बंदर आहे. गुलामगिरींतून सुटलेल्या निग्रो लोकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभास तेथें हें संगीत घडविलें, आणि १९१७ सालीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या जुन्या धाटणीच्या ताफ्यांत तीन वाद्यें पुढें असत. ट्रंपेट मूळ चाल धरून ठेवी. क्लॅरिनेट तिच्याभोंवतीं नाजूक वेलबुट्टी काढी. आणि पुढें-मागें सरकणाऱ्या नळीचा ट्रॉम्बोन खालून भारदस्त साथ देई. तिघेहि एकाच वेळीं आपआपल्या बुद्धीनें नवें कांहीं वाजवीत; तरीहि गोंधळ होत नसे, कारण सर्वांना एका ठराविक स्वरसमूहांच्या मालिकेचें बंधन असे.

ख्यालगायकाला जसें आवर्तन, तशी जॅझवाल्याला ही मालिका. ती बहुधा बत्तीस मापांची असते. संपली कीं पुन्हां पहिल्यापासून फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यांत वादक नवी जागा घेतो. फरक आहे तो वजनाचा. आपल्या त्रितालांत कान समेची वाट पाहतो. जॅझच्या चार मात्रांत मात्र टाळी पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शिवाय मात्रेचे दोन भाग सारखे न ठेवतां पहिला लांब आणि दुसरा आंखूड ठेवतात. जॅझ ऐकतांना पाय आपोआप हलूं लागतो, त्याचें मर्म यांतच आहे.

आणि हें सर्व आपणांस अगदींच परकें आहे असेंहि नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत एटापल्लीच्या बाजूस, सूरजागडच्या डोंगरांच्या आसमंतांत, माडिया गोंडांचीं गांवें आहेत. सूरजागडचें नांव आज लोखंडाच्या खाणीमुळें सर्वांना ठाऊक झालें आहे. तेथील रेला नृत्य मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांत एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलून उत्तर देतो, आणि सगळें रिंगण एका पावलावर झुलत राहतें. हांक आणि तिला साद, ही जी जॅझची मूळ घडण, तीच येथेंहि दिसते. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आला असें मला सुचवावयाचें नाहीं. माणसें एकत्र श्रमूं आणि नाचूं लागलीं कीं संगीत कोणत्या वाटेनें जातें, एवढेंच यावरून दिसतें.

मुंबईंत अस्सल जॅझ आला तो १९३५ च्या सुमारास. लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादकानें आपला ताफा ताजमहाल हॉटेलांत आणला. त्याच सालीं जर्मनींत नाझी सरकारनें रेडिओवर जॅझ वाजविण्यास बंदी केली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे काळाचा विनोद ध्यानीं येतो. ॲबीच्या मागून टेडी वेदरफर्ड हा थोर पियानोवादक आला. तो पुढें १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. या पाहुण्यांच्या सहवासांत गोवेकर वादकांचें दुसरें शिक्षण झालें. शाळेंत ते लिहिलेलें वाचावयास शिकले होते. न लिहिलेलें वाजवावें कसें, हें त्यांना येथें उमगलें. जें राहिलें तें ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हांपुन्हां लावून त्यांनीं कानानें टिपलें.

चिकचा आदर्श होता अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग. वादनांत आणि गाण्यांत चिकनें त्याची धाटणी इतकी आत्मसात केली कीं, लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा वाद्यवृंद मुंबईच्या बड्या हॉटेलांत गाजला. पण नाचाच्या दिवाणखान्यांत बसणारी मंडळी मूठभर. चिकचा सूर घरोघर गेला तो बोलपटांमुळें. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें हॉटेलांतील रात्रींची रया हळूहळू ओसरूं लागली. तेव्हां तर पुष्कळ वादकांना बोलपटांचाच आधार उरला.

बोलपटाचें गाणें तयार होई तें असें. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती चाल स्वरलिपींत उतरविणें, गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागा भरणें, कोणत्या वाद्यानें केव्हां बोलावें हें ठरविणें आणि प्रत्येक वादकाचा कागद निराळा लिहिणें, हीं कामें संयोजकाचीं. त्या काळीं गायक आणि वादक सर्व एकाच वेळीं ध्वनिमुद्रित होत. एकाचा सूर चुकला कीं सर्वांना आरंभापासून सुरुवात करावी लागे. असें जोखमीचें काम करणाऱ्यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा, तसा सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट. श्रेयनामावलींत त्याचें नांव आलेंच तर ‘सहायक’ म्हणून येई; तबकडीवर तर तेवढेंहि नसे. ‘नादान’सारख्या एखाद-दुसऱ्या बोलपटाला त्यानें स्वतंत्र संगीत दिलें, पण त्यानें त्याचें नांव घरोघर झालें नाहीं.

चितळकरांच्या प्रतिभेला यानें उणेपणा येतो काय? मला तसें वाटत नाहीं. चाल त्यांची, तिच्यांतला खट्याळपणा त्यांचा. परंतु घर बांधतांना आराखडा एकाचा असतो आणि गवंड्याचे हात दुसऱ्याचे असतात. गृहप्रवेशाच्या दिवशीं गवंड्याला विसरणें शोभत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून कडक आहे: ही सारी नक्कलच नव्हे काय? १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असतांना आकाशवाणीवरून बोलपटांचीं गाणीं जवळजवळ दिसेनाशीं झालीं, त्यामागें असाच विचार होता. श्रोत्यांनीं आपले कांटे सिलोनकडे वळविले, आणि अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ काढावी लागली. आक्षेप सर्वस्वीं खोटा आहे असें नाहीं. परक्या चाली जशाच्या तशा उचलल्याचीं उदाहरणें आहेत. परंतु आर्मस्ट्राँगची नक्कल करीत मोठा झालेला माणूस जेव्हां तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांत, एका मराठी माणसाच्या चालीला न दुखवतां, दोन ओळींच्या मधल्या चार मापांत आपलें बोलणें बसवितो, तेव्हां तें काम न्यू ऑर्लिन्समध्यें कोणी केलेलें नसतें. तें मुंबईंतच होऊं शकलें. उसनें घेतलेलें भांडवल म्हणून व्यापारहि उसना ठरत नाहीं.

चिक चॉकलेट १९६७ सालीं वारला. त्याच्या आदल्याच सालीं चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ या बोलपटांत तो पुन्हां पडद्यावर दिसला होता. भूपिंदर सिंग हा तरुण गायक एका रात्रींच्या मैफलींत गात आहे, आणि शेजारीं चिक आपला ट्रंपेट हलकेच वाजवीत आहे. संगीत खय्याम यांचें. पुन्हां तें गाणें लागेल तेव्हां शब्द संपल्यावर एक क्षणभर थांबून ऐकावें. गायक श्वास घेतो त्या जागीं जो सूर उमटतो, तो हळदोण्याच्या आंतोनियो वाझचा आहे.