जुन्या जीपचे वायरिंग : भाग ५ – मीटरचे काटे आणि अर्थ

टोलेडो (ओहायो) येथे १९७६ ते १९८६ या काळात बनलेल्या सीजे मालिकेच्या जीपमध्ये इंधनाचे मीटर आणि तापमानाचे मीटर एकाच पुरवठ्यावर चालतात. दोन्ही मीटरच्या आत द्विधातूची पट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक तार असते. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. बॅटरीचा दाब मात्र इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या घरात असतो. तो थेट दिला तर रेस वाढवताच टाकीत पेट्रोलही वाढल्यासारखे दिसेल. म्हणून इंधनाच्या मीटरमध्येच एक छोटा रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याचे संपर्कबिंदू सतत उघडझाप करतात आणि सरासरी ५ व्होल्ट पुढे सोडतात. तोच पुरवठा शेजारच्या तापमानाच्या मीटरला मिळतो.

बिघाड शोधताना ही जोडणी ध्यानात ठेवली तर निम्मे काम तिथेच होते. दोन्ही काटे एकदम वर चढले, तर दोन्ही सेंडर (टाकीतली पातळी आणि इंजिनाचे तापमान मीटरला कळवणारे भाग) एकाच वेळी खराब झाले असण्याची शक्यता फार थोडी. संशय घ्यावा तो अर्थचा. रेग्युलेटरच्या आतल्या तारेचे वर्तुळ मीटरच्या पत्र्याच्या कवचातून, डॅशबोर्डमार्गे बॉडीला मिळून पूर्ण होते. हा मार्ग तुटला की ती तार तापत नाही, संपर्क मिटलेलेच राहतात आणि बॅटरीचा सगळा दाब मीटरवर येतो. मीटरमागच्या ‘ए’ टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावला तर निरोगी रेग्युलेटरवर तो लुकलुकतो. एकसारखा पेटून राहिला तर गाडी तशीच चालवू नये, कारण मीटरच्या आतली तार जळू शकते. नव्याने रंगवलेल्या जीपमध्ये हा दोष हमखास आढळतो. स्क्रूखाली रंगाचा जाड थर बसतो आणि चकचकीत डॅशबोर्ड विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटतो. फायबरची बॉडी बसवलेल्या गाडीत तर पत्राच नसतो. अशा वेळी मीटरच्या कवचापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र काळी तार ओढणे हाच खात्रीचा उपाय.

दोन्ही काटे पडून राहिले, तर फ्यूज आणि ‘आय’ टर्मिनलवर येणारे १२ व्होल्ट आधी तपासावेत. एकच काटा चुकत असेल तर तपास सेंडरकडे वळवावा. टाकीतल्या सेंडरचा रोध रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम, अर्ध्या टाकीला २३ आणि भरलेल्या टाकीला १० असतो. सेंडरची तार काढून तिच्या आणि अर्थच्या मध्ये १० ओहमचा रेझिस्टर जोडला आणि काटा हळूहळू ‘फुल’वर गेला, तर मीटर व तार दोन्ही ठीक आहेत. पुष्कळ मेकॅनिक तार सरळ चेसिसला टेकवतात. त्यानेही काटा हलतो, पण टेकवून धरल्यास मीटरवर अवाजवी भार पडतो. रेझिस्टर वापरणे केव्हाही चांगले. टाकीची स्वतःची अर्थ तार चिखलपाण्यात कुजते, म्हणून नवा सेंडर विकत घेण्याआधी ती घासून पाहावी. तापमानाचा सेंडर इंजिनात आट्यांवरच अर्थ घेतो; त्यावर गळती थांबवायची पांढरी टेप भरमसाट गुंडाळली की काटा कमी दाखवू लागतो.

महाराष्ट्रात जुन्या महिंद्र जीप अजून पुष्कळ धावतात. त्यांवर निरनिराळ्या बनावटीची मीटर बदलून बसवलेली असतात. तिथे वरचे आकडे गृहीत न धरता सेंडरचा दांडा खालीवर करून रोध मोजावा आणि त्याच मापाचे मीटर निवडावे. जुन्या अँपिअर मीटरबाबत मात्र सावधगिरी हवी. चार्जिंगचा सगळा प्रवाह त्यातून डॅशबोर्डमागे फिरतो. डायनामोच्या जागी मोठा अल्टरनेटर आला आणि तार जुनीच राहिली, तर ती सैल नटापाशी तापते आणि आग लागू शकते. त्याऐवजी व्होल्टमीटर लावावे. इंजिन चालू असताना ते १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर चार्जिंग योग्य आहे.

नवे वायरिंग करताना प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. जुना हार्नेस कापून तुकड्यातुकड्यांनी काढू नये. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून तो अखंड बाहेर काढावा आणि प्लायवूडवर पसरावा, म्हणजे नव्या तारांची लांबी व फाटे तिथेच ठरतात. मीटरना १ चौरस मिलिमीटरची तार पुरते, हेडलाइटला २.५ लागते. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. तो भार जुन्या स्विचवर न टाकता रिलेवर घ्यावा. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूज बॅटरीलगतच असावा, कारण त्याच्या अलीकडचा तुकडा असंरक्षित राहतो. फायरवॉलमधल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवेच. तिथला जुना कनेक्टर हिरवट झाला असेल तर त्याच्या पिना बदलाव्यात. तारा नुसत्या पिळून वर टेप मारण्याची सवय सोडून लग योग्य पक्कडीने दाबावेत आणि त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी.

डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वी हेडलाइट लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मीटरच्या कवचाला टेकवावे. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थचे सांधे पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासून पुन्हा आवळावेत आणि हीच मोजणी इंजिन व चेसिस यांवरही करावी.