बहात्तरच्या दुष्काळात माणसं का वाचली?

1972 साली प्रशांत महासागरात एल निनो जोरात होता आणि महाराष्ट्रात सलग तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. तरीही 1943च्या बंगालसारखं मृत्यूचं थैमान इथं माजलं नाही. याचं श्रेय बहुतेकदा अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीला मिळतं. मिलो हवाच होता. पण दुकानात धान्य असलं तरी ते घ्यायला गाठीला पैसे लागतात. अमर्त्य सेन यांच्या हिशेबानं बंगालमध्ये 1943 साली 1941पेक्षा जास्तच धान्य होतं. भाव कडाडले, शेतमजूर आणि मासेमारांची कमाई त्यापुढे तोकडी पडली आणि सुमारे 30 लाख माणसं गेली. महाराष्ट्रात मे 1973मध्ये जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडायची, पाझर तलावाची माती पाटीनं वाहायची, मुकादमानं हजेरी लावायची, मोजमाप झालं की पगार. मजुरी तुटपुंजी, तीही रखडायची, त्यावरून मोर्चे निघायचे. पण त्याच पैशामुळे गावात गिऱ्हाईक उरलं आणि गिऱ्हाईक होतं म्हणून, राज्याबाहेरून धान्य आणायला बंदी असूनही, व्यापाऱ्यांनी ते चोरून आणलं. (सरकारी अहवालात या चोरट्या धान्याचे आभार कोण मानणार!) अशीच कामं देणाऱ्या, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढं 1977मध्ये कायद्याचं बळ मिळालं.

पैसे वाटले की भाव भडकतात, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. गोदामं रिकामी असतील तर तसंच होईल, म्हणून सरकारी साठा मजुरीच्या जोडीला लागतोच. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: तापत्या हवामानात मे महिन्यात खडी फोडायला लावणं हेच जिवावरचं. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तेव्हा कामाची अट उन्हाळ्यात सैल करून थेट खात्यात रक्कम द्यावी लागेल, आणि तीही वेळेत. एल निनोचा अंदाज आता काही महिने आधी येतो, पण नुसत्या अंदाजानं पोट भरत नाही. सोमालियात 2010च्या उत्तरार्धापासून इशारे मिळत होते. मदतीचा ओघ मात्र जुलै 2011मध्ये दुष्काळ जाहीर झाल्यावर वाढला. तोवर गुरं मेली होती, बियाणं खाऊन झालं होतं. एकूण सुमारे अडीच लाख माणसं दगावली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. पावसाचा अंदाज अमुक टक्क्यांखाली गेला की कुणाच्याही सहीची वाट न पाहता पैसे सुटावेत, असा नियम आधीच ठरवता येतो. अंदाज चुकला तर काही कोटी वाया जातील, हे मान्य. पण ते पैसे गरिबाच्याच घरी गेलेले असतील.