ट्रॉलीचा रिव्हर्स आणि एकटा कोन

गळीत हंगामात शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वाटेवर, उसाचे ट्रॅक्टर रांगेनं उभे असतात. ट्रॉली ओढत पुढे नेणं सोपं; तीच रिव्हर्समध्ये घ्यायची म्हटलं की नवशिक्याला घाम फुटतो. स्टिअरिंग डावीकडे वळवावं, तर ट्रॉलीचं शेपूट उजवीकडे जातं. अंदाज जरा चुकला, की ट्रॅक्टर-ट्रॉली कात्रीसारखी मिटते.

गणिताच्या भाषेत ही ‘अरेषीय’ प्रणाली. दुप्पट स्टिअरिंग म्हणजे दुप्पट परिणाम, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. दोन चाकी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर नेमका कसा उभा आहे, हे सांगायला ४ आकडे लागतात: जागेचे दोन, ट्रॅक्टरच्या तोंडाच्या दिशेचा एक आणि हुकापाशी दोघांत पडलेल्या कोनाचा एक.

आता गंमत पाहा. हाच ट्रॅक्टर उचलून तळोद्याच्या एखाद्या सपाट शेतात ठेवा, तोंड पूर्वेऐवजी सातपुड्याकडे करा. रिव्हर्सचा नियम बदलला? अजिबात नाही! जागा आणि दिशा बदलूनही नियम तोच, हीच इथली सममिती. मग ज्यांनी नियमाला फरकच पडत नाही, ते ३ आकडे बाजूला काढता येतात. उरतो एकटा हुकाचा कोन.

हुकापासून ट्रॉलीच्या ॲक्सलपर्यंत ३ मीटर धरू. स्टिअरिंग सरळ ठेवून मागे आलं, तर दर २ मीटरला हा कोन जवळपास दुप्पट होतो. ३ अंशांचे ६ मीटरांत सुमारे २२. पुढे जाताना मात्र तो दर २ मीटरला जवळपास निम्मा होतो, म्हणून ट्रॉली आपोआप रांगेत येते.

भूमितीची करामत याहून पुढची. फ्लिस, लेविन, मार्टिन आणि रुशों या फ्रेंच संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की हुक ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर आहे असं मानलं, तर ट्रॉलीच्या दोन चाकांमधल्या मध्यबिंदूची वाट आखली की पुरे. त्या वाटेच्या वळणातून हुकाचा कोन निघतो, आणि वळण कसं बदलतं त्यावरून स्टिअरिंग. दोन ट्रॉल्या असल्या, तर शेवटच्या ट्रॉलीची वाट आखायची.

मुरलेला ड्रायव्हर रिव्हर्स घेताना मान वळवून ट्रॉलीच्या चाकाकडेच बघतो. समीकरणंही शेवटी त्याच चाकांपाशी येऊन थांबली. पुढच्या हंगामात कारखान्यावर गेलात, तर तुम्हीही तिथेच नजर ठेवा.