‘बॅकअप असतोच की सर्व्हरवर!’

शहाद्यातल्या शाळेचा लिपिक असो की नंदुरबारच्या मिरची बाजारातला व्यापारी, वेबसाइट उडाली की वाक्य ठरलेलं: ‘होस्टिंगवाल्याला फोन लावा, त्याच्याकडे बॅकअप असतोच.’

असतो, कधी कधी. स्वस्तातल्या प्लॅनच्या अटी एकदा उघडून बघा. बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची, असं बहुतेक ठिकाणी स्वच्छ लिहिलेलं असतं. कंपनी प्रती ठेवते त्या थोड्या दिवसांपुरत्या. नवी आली की जुनी पुसली जाते. साइट गेल्याचं तुम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तर तोवर उरलेल्या सगळ्या प्रती साइट गेल्यानंतरच्याच असतात. मग फोनवर आवाज चढवून काय मिळणार?

‘मोठ्या कंपन्यांकडे असं होत नाही,’ हे त्यापुढचं उत्तर. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीनं स्वतःच प्रसिद्ध केलेला अहवाल वाचा. 31 जानेवारी 2017 रोजी त्यांच्या अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे 300 जीबी डेटा गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, भरवशाचा एकही निघाला नाही. डेटाबेसची नेहमीची प्रत सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हती आणि तसा इशारा देणारे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगानं सहा तास आधी एकानं चाचणीसाठी हातानं प्रत घेतली होती, तीच कामी आली. मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

प्रत कुठे ठेवलीय, हेही बघावं लागतं. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्यानं वाचले, असं महामंडळानं तेव्हा सांगितलं. जून 2022 मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याची पूरनिरीक्षण यंत्रणा अशाच हल्ल्यात सापडली, तेव्हा जुना डेटा हाती येईना.

अशी आणखी काही ठरलेली वाक्यं:

‘सगळं फोल्डर उतरवून ठेवलंय’: वर्डप्रेसमध्ये फोटो आणि थीम फोल्डरमध्ये असतात, लेख डेटाबेसमध्ये. डेटाबेसची प्रत वेगळी घ्यावी लागते.

‘दोन डिस्क आहेत, एक बिघडली तरी दुसरी आहे’: एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर होत असेल, तर एकीवर पुसलेलं दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं.

‘इंटरनेटवरचं कधीच नाहीसं होत नाही’: इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं सापडू शकतात, शाळेच्या साध्या साइटला तेवढाही आधार पुष्कळ. पण प्रवेशअर्जांचा किंवा ऑर्डरींचा डेटाबेस आणि मागचा कोड तिथे नसतो. गूगलच्या कॅश लिंकवरही विसंबू नका, ती 2024 मध्ये बंद झाली.

‘डोमेनचे पैसे भरले की साइट परत येते’: डोमेन म्हणजे फक्त पत्ता. होस्टिंगची मुदत संपून मजकूर पुसला गेला असेल, तर त्या पत्त्यावर कोरं पान दिसेल.